पदार्थविज्ञानाच्या वाटेने अभियांत्रिकीकडे

बारावीचा निकाल लागला की भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी घरोघर एकच प्रश्न निघतो. मुलाला वा मुलीला अभियंता व्हावयाचे असते. परंतु प्रवेशपरीक्षेत गुण थोडे पडलेले असतात, किंवा शहरातील चार वर्षांचा खर्च कपाशी-मिरचीच्या उत्पन्नावर झेपत नाही. मग कोणी सुचवितो, "बी. एस्सी.ला पदार्थविज्ञान घेऊ द्या, पुढे एम. टेक. करता येईल." या सूचनेत तथ्य किती, एवढेच आम्हांस आज पाहावयाचे आहे.

ही वाट नवी नाही. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी १९५४ साली तिरुचिरापल्लीस पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि मग मद्रासच्या तंत्रसंस्थेत विमानविद्येचा अभ्यास केला. प्रवेशाच्या पैशासाठी बहिणीने सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. मात्र आपला विषय पदार्थविज्ञान नव्हे हे उशिरा उमगले, अशी कबुलीही त्यांनीच आत्मचरित्रात दिली आहे. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे पदार्थविज्ञानातच एम. एस्सी. झाले आणि पुढे तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. वाट आहे, पण ती सर्वांना सारखी नाही.

याचे कारण या दोन विद्यांच्या स्वभावात आहे. तार तापते का, हे पदार्थविज्ञान सांगते; किती जाडीची तार घातली म्हणजे घर सुरक्षित राहील, हे अभियंता ठरवितो. म्हणून ज्या शाखांत 'का' हाच पाया आहे, त्यांची दारे पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तरास उघडतात : द्रव्यविज्ञान, प्रकाशतंत्र, अर्धवाहकांचे तंत्र. स्थापत्याचे दार सहसा बंदच असते. कारण रेखाचित्र, बांधकाम, द्रव्याचे बल हे विषय आपण शिकलेलेच नसतो.

आता हिशेब मांडू. तीन वर्षे बी. एस्सी., दोन वर्षे एम. एस्सी., मग 'गेट' परीक्षा आणि दोन वर्षे एम. टेक., अशी सात वर्षे होतात. सरळ अभियांत्रिकीने गेल्यास सहा. 'गेट'मध्ये पदार्थविज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, आणि तिच्या बळावर प्रवेश मिळाल्यास सरकारी संस्थांतून विद्यावेतनही मिळू शकते. दुसरी वाट बी. एस्सी.नंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाची; तिला बारावीस गणित असावे लागते. गणित सोडून जीवशास्त्र घेणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. नोकरीच्या अनेक जाहिरातींत पहिली पदवीच अभियांत्रिकीची मागतात. तेथे नंतरची एम. टेक. पुरी पडत नाही.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. ज्याला पदार्थविज्ञानाची खरी गोडी आहे, त्याने ही वाट निर्धास्त धरावी, एम. टेक. न झाले तरी त्याची वर्षे वाया जाणार नाहीत. ज्याला केवळ अभियंत्याची पाटी हवी आहे, त्याने पदविकेची वाट आधी पाहावी. आणि आईबापांनी प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी ज्या संस्थेत पुढे जावयाचे तिचे पात्रतेचे नियम मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. दागिना गहाण ठेवण्यापूर्वी एवढी चौकशी कोणालाही परवडण्याजोगी आहे.