अपेक्षेचें ओझें

शाळेचा संघ सामन्यास निघाला कीं आपण त्याचा जयजयकार करितों; तो हरून परतला कीं दोष काढूं लागतों. परंतु आपली अपेक्षा कोणत्या पायावर उभी होती, हें आपण क्वचितच पाहतों. या विचारास इ. स. २०१७ सालच्या भारतीय कुमार फुटबॉल संघाची हकीकत फार उपयुक्त आहे.

त्या वर्षीं सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतांत भरली. ता. १५ सप्टेंबर रोजीं महाराष्ट्रांत दहा लक्ष मुलांनीं फुटबॉल खेळावें, असा उपक्रम सरकारनें योजिला होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा भारतीय संघांत असल्यानें आपल्या प्रांताची उत्सुकता अधिकच वाढली. त्यांतच, मे महिन्यांत या संघानें इटलीच्या राष्ट्रीय कुमार संघास २-० असें हरविल्याची वार्ता सर्वत्र पसरली होती. मागाहून कळलें कीं, प्रतिस्पर्धी हा राष्ट्रीय संघ नसून तेथील तिसऱ्या श्रेणींतील क्लबांचीं निवडक मुलें होतीं. पण तोंवर अपेक्षा गगनास भिडली होती.

वस्तुस्थिति निराळी होती. भारतास प्रवेश मिळाला तो यजमान म्हणून. पात्रता-सामने जिंकून नव्हे. तत्पूर्वीं कोणताहि भारतीय संघ फुटबॉलच्या विश्वचषकांत खेळला नव्हता. ऑक्टोबर महिन्यांत दिल्ली येथें अमेरिकेनें ३-०, कोलंबियानें २-१ व घानानें ४-० असा आपला पराभव केला. हे तिन्ही संघ पुढील फेरींत गेले, यावरून गटाची कठीणता ध्यानांत यावी.

तथापि कोलंबियाविरुद्धच्या सामन्यांतील एक क्षण विसरतां येत नाहीं. ८२ व्या मिनिटास कॉर्नरवरून आलेल्या चेंडूस डोकें लावून जीक्सन सिंग यानें बरोबरी साधली. विश्वचषकांतील भारताचा तो पहिला गोल! आनंद ओसरण्यापूर्वींच, पुढच्याच मिनिटास, कोलंबियानें दुसरा गोल केला. मुलें क्षणभर हर्षांत गुंतलीं आणि प्रतिपक्ष सावध राहिला. कौशल्याइतकीच सावधानताहि शिकावी लागते, हें यावरून दिसतें.

खरी परीक्षा पुढें होती. त्याच मुलांतील बहुतेकांस घेऊन 'इंडियन ॲरोज' हा संघ २०१७-१८ च्या आय-लीग स्पर्धेंत उतरला. समोर वयानें व अनुभवानें मोठे, व्यवसायी खेळाडू. पहिल्याच सामन्यांत त्यांनीं चेन्नई सिटीस ३-० असें हरविलें. त्यांत अनिकेतचे दोन गोल होते. लोकांच्या आशा पुन्हां वाढल्या. परंतु हंगामाअखेर १८ सामन्यांत ४ विजय, ३ बरोबरी व ११ पराभव, अशा हिशेबानें १५ गुण मिळवून संघ दहा संघांत शेवटचा आला.

मग हा हंगाम व्यर्थ गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. गुणपत्रिका स्थान सांगते. मुलानें कोठून आरंभ केला, हें ती सांगत नाहीं. विश्वचषकांत एकहि गुण न मिळालेलीं तीं मुलें दोन महिन्यांच्या आंत पुन्हां मैदानावर उभीं राहिलीं आणि मोठ्यांशीं झुंजून चार वेळां जिंकलीं.

पालकांनीं अपेक्षा जरूर करावी, पण ती मुलाची तयारी पाहून करावी. विद्यार्थ्यांनीं स्तुतीनें फुगूं नये, निंदेनें खचूं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां सरावास जावें. आमच्या मतें खेळाडूची खरी ओळख त्या सकाळींच पटते.