क्रुसाची वाट

येशूला क्रुसावर खिळायला नेले, त्या वाटेची आठवण ख्रिस्ती लोक गुड फ्रायडेला करतात. वाटेवर १४ ठिकाणे मानली आहेत. प्रत्येक ठिकाणी थांबायचे, प्रार्थना करायची, मग पुढे चालायचे.

ही चाल मूळची रोमन कॅथलिकांची. वेरोनिका नावाच्या बाईने येशूचे तोंड पुसले, असे एक ठिकाण आहे. प्रॉटेस्टंट म्हणत, "हे बायबलात कुठे आहे?" खरेच, ते तिथे नाही! मग बरोबर चालायचे कसे?

१९९१ साली रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी बायबलातलीच १४ ठिकाणे घेतली. जुनी वाटही चालूच राहिली. १९९४ साली तिथले चिंतन ऑर्थोडॉक्स धर्मगुरू बार्थोलोम्यू यांनी लिहिले. १९९५ साली मठात राहणाऱ्या एका प्रॉटेस्टंट बाईंनी लिहिले. ते कोलोसियमपाशी पोपांसमोर वाचले गेले.