ऊन, मलम आणि वेष्टनावरील अंक

चैत्राचें ऊन तापूं लागलें कीं औषधांच्या दुकानांतील फळीवर सनस्क्रीनच्या नळ्या व बाटल्या दाटीनें दिसूं लागतात. बहुतेकींवर एस.पी.एफ. हीं अक्षरें आणि त्यांपुढें १५, ३० किंवा ५० असा अंक असतो. अंक जितका मोठा तितकें रक्षण अधिक, अशा समजुतीनें गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतें आणि वाटाण्याएवढें मलम तोंडाला चोळून निर्धास्तपणें उन्हांत निघतें. हा निर्धास्तपणा फसवा आहे. वेष्टनावरील अंक खरा असला तरी तो एका अटीवर खरा असतो, आणि ती अट बहुधा पाळली जात नाहीं.

प्रथम हें रक्षण कशापासून करावयाचें तें पाहिलें पाहिजे. इ. स. १८०१ मध्यें जर्मनींतील येना येथें योहान रिटर या शास्त्रज्ञानें वर्णपटाच्या जांभळ्या कडेपलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं तेथें, चांदीचा एक क्षार ठेवला. तो सर्वांत लौकर काळा पडला. या अदृश्य किरणांनाच आज अतिनील किरण म्हणतात. जमिनीवर पोंचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आहेत. ‘बी’ किरणांनीं त्वचा लाल होते व भाजते. ‘ए’ किरण अधिक खोल शिरतात, सुरकुत्या व काळेपणा वाढवितात आणि खिडकीच्या बंद कांचेंतूनही आंत येतात. त्वचेचा कर्करोग होण्यास दोन्ही प्रकारांचा हातभार लागतो.

एस.पी.एफ. हा अंक मुख्यतः ‘बी’ किरणांविषयीं सांगतो. मलम लावलेली व न लावलेली त्वचा लाल होण्यास किती किरण लागतात, याची तुलना करून तो काढतात. तो तासांचा हिशेब नव्हे. १५ अंकाचें मलम हे किरण शेंकडा सुमारें ९३, ३० अंकाचें ९७ आणि ५० अंकाचें ९८ अडवितें. अर्थात् ३० च्या पुढें लाभ वाढतो तो थोडाच.

आतां ती अट. ही परीक्षा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावून केलेली असते. प्रत्यक्षांत लोक त्याच्या पाव ते निम्मेंच लावतात. मग ५० अंकाच्या महागड्या मलमाचें रक्षणही पुष्कळच खालीं येतें. तर्जनी व मधलें बोट यांवर मुळापासून टोंकापर्यंत मलमाच्या दोन रेघा ओढाव्या. तोंड व मान यांना तेवढें लागतेंच. बाहेर पडण्यापूर्वीं पंधरा मिनिटें तें लावावें, आणि उन्हांत असल्यास दर दोन तासांनीं व घाम पुसल्यावर पुन्हां लावावें.

‘ए’ किरणांसाठीं वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा ‘पी.ए.’ पुढील अधिक चिन्हें पाहावीं. ही चिन्हांची पद्धति जपानांत १९९६ सालीं सुरू झाली. चिन्हें जितकीं अधिक तितकें रक्षण अधिक, आणि तीं जास्तींत जास्त चार असतात. पाण्यांत पूर्णपणें टिकणारें मलम मात्र नसतें. म्हणूनच अमेरिकेंत २०११ च्या नियमानें ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द वर्ज्य झाला; तेथें ४० किंवा ८० मिनिटें असें स्पष्ट लिहावें लागतें.

सांवळ्या त्वचेंतील मेलॅनिन हें निसर्गानें दिलेलें संरक्षण आहे. ती गोऱ्या त्वचेइतकी लवकर भाजत नाहीं. परंतु वांग व काळे डाग यांचा उपद्रव तिला अधिक होतो, आणि त्यांत दिसणाऱ्या प्रकाशाचाही भाग असतो. वांग असणारांस लोहाचें ऑक्साइड घातलेलें, त्वचेच्या रंगाचें मलम अधिक उपयोगी पडतें.

तथापि दिवसभर शेतांत, रस्त्यावर वा बांधकामावर राबणाऱ्या माणसास दर दोन तासांनीं मलम परवडणार कसें? त्यास दाट विणीचें लांब बाह्यांचें कापड, मुंडासें, डोक्यावरून घेतलेला पदर आणि छत्री हींच खरीं साधनें होत. तीं पुसलीं जात नाहींत. सहा महिन्यांच्या आंतील तान्ह्या मुलास तर मलमापेक्षां सावली व कापड हेंच योग्य. ऊन किती कडक आहे हें ओळखण्यास यंत्रही नको. आपली सावली आपल्या उंचीहून आंखूड झाली कीं अतिनील किरण प्रखर आहेत असें समजावें, आणि आधीं सावली, मग कापड, आणि उघडें राहील तेवढ्या अंगाला भरपूर मलम, हा क्रम धरावा.