एका पिकअपच्या धुरात सूर्यापर्यंतचं अंतर

60,000 कोटी. सहावर अकरा शून्यं. बीएस-6 नियमांनुसार डिझेल पिकअपच्या सायलेन्सरमधून दर किलोमीटरला जास्तीत जास्त इतकेच घन कण बाहेर पडलेले चालतात. हा आकडा ढिलाईचा वाटेल, पण वाहनांच्या धुरावरच्या जगातल्या कडक मर्यादांपैकी ही एक आहे.

डिझेलच्या काजळीचा एक कण साधारण 70 नॅनोमीटरचा धरू. माणसाच्या केसाच्या जाडीत असे हजारेक कण शेजारी शेजारी बसतात. नियमात बसणारे एका किलोमीटरचे कण एका रांगेत मांडले, तर रांग 42 किलोमीटर लांब होते. फिल्टर नसलेलं डिझेल इंजिन याच्या शंभरपटीच्या आसपास कण सोडतं. म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे जाते आणि मागे 4,200 किलोमीटरची रांग सोडते. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 जवळपास तेवढाच लांब आहे. भाजीपाला वाहणारी पिकअप वर्षाला 40,000 किलोमीटर सहज धावते. तिच्या वर्षभराच्या कणांची रांग 16 कोटी 80 लाख किलोमीटर भरेल. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आहे.

हे सगळे कण तोलायला घेतले, तर किलोमीटरला काही मिलिग्रॅमच भरतात. म्हणूनच इतकी वर्षं वजनाच्या हिशेबात त्यांचं गांभीर्य कळलं नाही. फुप्फुसाला वजनाशी देणंघेणं नसतं. इतका बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत उतरतो आणि तिथून रक्तात जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत टाकलं.

आता फिल्टरकडे बघू, कारण खरी थक्क करणारी गोष्ट तिथे आहे. डीपीएफ म्हणजे सिरॅमिकचा, बारीक नळ्यांनी भरलेला ठोकळा. एका चौरस इंचात 200 च्या आसपास नळ्या असतात. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला बाहेर पडायचं तर मधल्या भिंतीतूनच झिरपावं लागतं. त्या भिंतीतली छिद्रं 10 ते 20 मायक्रॉनची असतात, म्हणजे काजळीच्या कणापेक्षा दोनशेपट मोठी. गाळणीचं भोक दोनशेपट मोठं असूनही कण अडकतो, कारण तो सरळ जात नाही. हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी तो सतत थरथरत, वेडावाकडा भरकटतो आणि छिद्रातून पार होण्याआधी भिंतीला लागतो. एकदा लागला की चिकटतो. कण जितका लहान तितका जास्त भरकटतो, म्हणून अगदी बारीक कण उलट चांगले पकडले जातात. थोडी काजळी साचली की तो थरच गाळणीचं काम करू लागतो.

आणि हे सगळं वाहत्या झोतात चाललेलं असतं. अडीच लिटरचं इंजिन 2,000 आरपीएमला मिनिटाला 2,500 लिटर हवा ओढतं, टर्बो असेल तर त्याहून बरीच जास्त. शांत बसलेला माणूस मिनिटाला सात लिटरच्या आसपास हवा घेतो. साडेतीनशे माणसांचा श्वास एका ठोकळ्यातून गाळून निघतो.

याची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. चालकांची तक्रार सगळीकडे एकच: गाडी पूर्वीसारखं अॅव्हरेज देत नाही. तक्रार खोटी नाही. भिंतीतून धूर ढकलायला इंजिनाला जोर लावावा लागतो. ठोकळा भरत आला की रिजनरेशन सुरू होतं: संगणक सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतो, ते फिल्टरच्या आधीच्या कॅटॅलिस्टवर जळतं, तापमान 600 अंशांच्या आसपास चढतं आणि काजळी जळून जाते. दहा-वीस मिनिटांच्या या कामात जळणाऱ्या त्या जादा डिझेलचा एक थेंबही चाकाला मिळत नाही. मार्केट यार्डाच्या गर्दीत रांगत चालणाऱ्या, दर दोन किलोमीटरवर बंद होणाऱ्या गाडीचा फिल्टर पुरता तापतच नाही. मग रिजनरेशन अर्धवट सुटतं, पुन्हा सुरू होतं आणि डिझेल पुन्हा पुन्हा जातं. वर ईजीआर आहेच. ज्वलनाचं तापमान खाली ठेवून नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, कमी करण्यासाठी ते जळालेला धूर परत इंजिनात फिरवतं.

फिल्टरपायी जाणारं डिझेल एकूण दोन-तीन टक्के धरू. 14 चं अॅव्हरेज देणारी पिकअप 40,000 किलोमीटरला 2,850 लिटर पिते. तीन टक्के म्हणजे 86 लिटर, नव्वद रुपयांच्या भावाने पावणेआठ हजार. हप्ते फेडणाऱ्या मालकाला ही रक्कम लहान नाही, आणि ती वाचवायला त्याने फिल्टर काढला, तर त्याला लोभी म्हणणं मला पटत नाही. पण पारड्यात दुसऱ्या बाजूला काय आहे, ते त्याला कुणी सांगत नाही. इकडे 86 लिटर, तिकडे सूर्यापर्यंतची रांग.

युरियाच्या टाकीची गोष्ट तर बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. 32.5 टक्के युरियाचं पाणी गरम धुरात फवारलं की त्याचा अमोनिया होतो, आणि एससीआर कॅटॅलिस्टवर तो नॉक्सचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये व पाण्यात करतो. नव्वद टक्क्यांहून जास्त नॉक्स इथे संपतो. 100 लिटर डिझेलमागे तीन ते पाच लिटर युरिया लागतो, म्हणून तो नुसता खर्च वाटतो. पण मागे सफाईची अशी सोय असली की इंजिन पुन्हा लवकर इंधन फवारून, जास्त तापून, काटकसरीने चालवता येतं. लवकर फवारणी केली की अॅव्हरेज वाढतं आणि नॉक्सही वाढतो, हा डिझेलचा जुना पेच. एससीआर त्यातून वाट काढतं आणि ईजीआरने घेतलेलं डिझेल बऱ्याच अंशी परत देतं.

ही यंत्रणा उपटून टाकल्यावर देशाच्या पातळीवर काय होतं, याचा हिशेब अमेरिकेने मांडला आहे. तिथे पिकअप हे घराघरातलं वाहन, आणि 'डिलीट किट' लावून डीपीएफ, एससीआर, ईजीआर काढून टाकण्याचा मोठा धंदा उभा राहिला. गिऱ्हाइकाला आमिष अॅव्हरेजचं आणि ताकदीचं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 2020 च्या नोव्हेंबरमध्ये अंदाज जाहीर केला: दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा निकामी केली गेली. यंत्रणेसह विकल्या गेलेल्या अशा गाड्यांपैकी हे जवळपास 15 टक्के. त्यांच्या आयुष्यभरात 5 लाख 70 हजार टन जादा नॉक्स आणि 5,000 टन जादा कण हवेत जाणार. परिणाम असा, जणू यंत्रणा शाबूत असलेल्या आणखी 90 लाख पिकअप रस्त्यावर उतरल्या.

भागाकार केला की गाडीमागे जवळपास एक टन नॉक्स येतो. तीन-साडेतीन टनांची गाडी आयुष्यभरात स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त विषारी वायू जादा सोडते. पूर्ण 'डिलीट' केलेल्या पिकअपच्या चाचणीत नॉक्स 310 पट, कण 40 पट, कार्बन मोनॉक्साइड 120 पट आणि मिथेन सोडून बाकीचे हायड्रोकार्बन 1,400 पट वाढलेले आढळले. जगात अशी दुसरी चोरी क्वचितच असेल, जिच्यात चोराला टक्क्यांत मिळतं आणि शेजाऱ्याचं शेकडोपटींत जातं.

आपल्याकडे अशी गाडी पकडणं अवघड आहे, कारण पीयूसी केंद्रात डिझेलची तपासणी धुराच्या गडदपणावर होते. प्रकाशाचा झोत धुरातून किती अडतो, ते यंत्र मोजतं. 70 नॅनोमीटरचे कण प्रकाश फारसा अडवत नाहीत, त्यामुळे फिल्टर काढलेली नवी गाडीही निवांत पास होऊ शकते. नेदरलँड्सने 1 जानेवारी 2023 पासून वार्षिक तपासणीत सायलेन्सरमध्ये नळी घालून कणच मोजायला सुरुवात केली. इंजिन नुसतं चालू ठेवायचं, काही सेकंद थांबायचं. घनसेंटिमीटरला दहा लाखांहून जास्त कण निघाले की गाडी नापास. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीने अडीच लाखांची मर्यादा घातली. हे कण मोजणारं यंत्र आपल्या पीयूसी केंद्रांत यायला हवं, आणि मालवाहू पिकअपपासूनच त्याची सुरुवात व्हायला हवी.