आयझॅकने सरहद्दीपार ठेवलेली ठेव

कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं म्हटलं की आपल्याला आठवतो तो बूट उकडून खाणारा चॅप्लिन, नाहीतर जॅक लंडन. या उत्तरेचं वेड मलाही त्यांनीच लावलं. व्हाइटहॉर्सहून निघालं की कारमॅक्स, पेली क्रॉसिंग आणि बाकी सव्वापाचशे किलोमीटर नुसतं जंगल, मग डॉसन. तिथे युकॉन नदीच्या काठावर ट्रोंडेक ह्वेचिन लोकांचं डानोजा झो हे सांस्कृतिक केंद्र आहे, १९९८ मध्ये उघडलेलं. आत गेलो, आणि सोन्यातला माझा रसच संपला. डोक्यात बसला तो त्यांचा मुखिया, चीफ आयझॅक.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये रॅबिट क्रीकला सोनं सापडलं. ते पहिल्यांदा कुणाला दिसलं, सोनं शोधणाऱ्या कारमॅकला की त्याचा मेहुणा कीशला, आणि दुसरा शोधक हेंडरसन याचा त्यात वाटा किती, यावर शंभर वर्षं शाई सांडली आहे. सांडो बापडी. क्लोंडाइक आणि युकॉनच्या संगमावरचं ट्रोचेक हे आयझॅकच्या लोकांचं सामन मासे पकडायचं पिढीजात ठिकाण होतं. तिथे खाणवाले घुसले. १८९७ मध्ये आयझॅक आपली माणसं घेऊन पाचेक किलोमीटर खाली मूसहाइडला गेला. वर्षभरात डॉसनची वस्ती तीस हजारांच्या घरात पोचली.

आयझॅकने उपऱ्यांशी बोलणं तोडलं नाही. डॉसनच्या समारंभांत तो भाषणं करी, हसतखेळत वागे. आणि तुमची भरभराट आमच्या जमिनीवर नि शिकारीवर झाली आहे, हेही तोंडावर ऐकवी. मिशनऱ्यांच्या आणि गोऱ्यांच्या या रेट्यात गाणी टिकणार नाहीत, हे त्याने ओळखलं. म्हणून गाणी, नाच आणि गॅनहॅक ही नाचाची काठी त्याने अलास्कातल्या टानाना खोऱ्यातल्या सोयऱ्यांकडे ठेव म्हणून दिली. त्या काळात अशा वस्तू संग्राहकांच्या हाती पडून काचेमागे जात. आयझॅकने गाणारी माणसं निवडली. मला ही त्याच्या साऱ्या भाषणांहून मोठी राजनीती वाटते.

आयझॅक १९३२ मध्ये वारला. १९९० च्या दशकात त्याच्या लोकांनी अलास्कातल्या सोयऱ्यांकडून ती गाणी पुन्हा शिकून घेतली. १९९३ पासून मूसहाइडला वर्षाआड मेळा भरतो, डॉसनहून होड्या सुटतात, आणि बाहेरच्यांनाही मज्जाव नसतो. ठेव ज्या दिशेला गेली तिकडे आज ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ रस्ता जातो. नदी फेरीने ओलांडायची आणि डोंगरमाथ्यावरून अलास्का गाठायचं. सरहद्दीवरचं ठाणं उन्हाळ्यापुरतंच उघडं असतं.

या मुलखाचा जागतिक वारशासाठीचा पहिला प्रस्ताव कॅनडाने २०१८ मध्ये मागे घेतला. त्यात सोन्याच्या धावपळीवर भर होता आणि तज्ज्ञांना तो पटला नव्हता. मग प्रस्ताव नव्याने मांडला गेला: १८७४ ते १९०८ या काळात वसाहतवादाला तोंड देत इथले मूळ लोक कसे टिकले, याचा. २०२३ मध्ये युनेस्कोने तो मान्य केला. त्यातल्या आठ जागांत ट्रोचेक आहे आणि मूसहाइडही.