किल्ल्यात कोंडलेली वस्त्रे

इ.स. ६ मध्ये रोमने राजा हेरोदाचा पुत्र अर्खेलाव याला गादीवरून काढले आणि यहूदीया प्रांत थेट आपल्या अमलाखाली घेतला. नवा सुभेदार समुद्रकाठच्या कैसरियात राहू लागला. त्याच्या हाताशी काही हजार सैनिक होते. ते बहुतेक प्रांतातल्या बिगर-यहुदी शहरांतून भरती झालेले असत. मोठी फौज हवी झाली तर सिरियाच्या सुभेदाराकडे मागावी लागे. एवढ्या बळावर राज्य करायचे, तर यरुशलेमचे मंदिर आणि त्याचा मुख्य याजक यांना धरून राहणे भाग होते. मुख्य याजक नेमण्याचा अधिकार सुभेदाराने स्वतःकडे घेतला. सुभेदार वालेरियस ग्रातसने तर थोड्याच वर्षांत एकामागून एक चार याजक नेमले. त्यांतला शेवटचा कयफा.

पण या संबंधांचे मर्म नेमणुकीपेक्षा मुख्य याजकाच्या वस्त्रांत अधिक स्पष्ट दिसते. तीन मोठ्या सणांना आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी तो जी वस्त्रे घाली, ती मंदिराला लागून असलेल्या अँटोनिया किल्ल्यात ठेवलेली असत. ही प्रथा हेरोदाच्या काळीही होती. रोमनांनी ती तशीच उचलली. जोसेफस या इतिहासकाराने तिचा तपशील नोंदवला आहे. वस्त्रे दगडी खोलीत असत, दारावर याजकांची आणि खजिनदारांची मोहर असे, आणि किल्लेदार तिथे रोज दिवा लावी. सणाच्या सात दिवस आधी तो ती याजकांच्या हवाली करी. वस्त्रांचे शुद्धीकरण होई, पूजा होई आणि सण उरकला की वस्त्रे पुन्हा कुलपात जात. दुसऱ्याच्या देवासमोरचा सर्वांत पवित्र क्षण असा राज्यकर्त्याच्या मर्जीवर टांगलेला असे. इतकी बोलकी व्यवस्था रोमन कारभारात क्वचितच सापडते.

सुभेदार पिलाताने (२६–३६) सम्राटाच्या प्रतिमा असलेली निशाणे रातोरात यरुशलेमात आणली, तेव्हा यहुद्यांनी कैसरियात त्याच्यापुढे माना पुढे केल्या, आणि त्याला माघार घ्यावी लागली. पुढे मंदिराच्या निधीतून त्याने पाण्याचा कालवा बांधायला घेतला. त्यावरून उठलेला जमाव मात्र त्याने सोट्यांनी झोडपला. अखेर शोमरोनी लोकांच्या कत्तलीवरून सिरियाचा सुभेदार वितेल्लियस याने त्याला रोमला धाडले. याच वितेल्लियसने वस्त्रे याजकांना परत केली. यहुद्यांची ही मागणी साधी होती आणि ती मानण्यात रोमचे काहीच बिघडत नव्हते, हे त्याने ओळखले.

ही समज टिकली नाही. मधल्या काळात यहूदीयावर राज्य करणारा राजा अग्रिप्पा ४४ मध्ये वारला आणि फादस सुभेदार झाला. त्याने वस्त्रे पुन्हा किल्ल्यात ठेवण्याचा हुकूम काढला. यहुद्यांनी आपली मुले ओलीस ठेवून सम्राट क्लॉदियसकडे शिष्टमंडळ नेण्याची परवानगी मिळवली. क्लॉदियसने निकाल यहुद्यांच्या बाजूने दिला.

वस्त्रे सुटली, तरी किल्ल्यातली शिबंदी हलली नाही. सुभेदार कुमानसच्या कारकिर्दीत (४८–५२) वल्हांडण सणाच्या गर्दीसमोर पहाऱ्यावरच्या एका सैनिकाने अश्लील हावभाव केला. मग उडालेल्या चेंगराचेंगरीत असंख्य माणसे मेली. दुसऱ्या सैनिकाने तोरा या यहुदी धर्मग्रंथाची गुंडाळी फाडली, तेव्हा मात्र कुमानसने त्याचा शिरच्छेद करवला. पुढचे सुभेदार फेलिक्स आणि अल्बिनस यांच्या काळात दंगे आणि लाचखोरी वाढत गेली. ६६ मध्ये सुभेदार फ्लोरसने मंदिराच्या खजिन्यातून १७ टॅलंट उचलले, लोकांनी त्याची टिंगल केली, आणि त्याने सैन्य बाजारपेठेवर सोडले. काही आठवड्यांत मंदिराचा अधिकारी एलाजार याने सम्राटासाठी रोज होणारे बलिदान थांबवले. हे रोमविरुद्ध उघड बंड होते. ते चिरडले जात असताना ७० मध्ये मंदिर जळाले. पुढे यहूदीयात एक पूर्ण लीजन (रोमन सैन्याचे मोठे दल) कायमचे ठेवण्यात आले, आणि मंदिरासाठी यहुदी जो वार्षिक कर देत, तो रोमच्या ज्युपिटरच्या देवळाकडे वळवण्यात आला.