मागच्या चाकांना डिस्क ब्रेक : हौस, गरज आणि जोखीम

मोटारीच्या मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून तेथे डिस्क ब्रेक बसवून मिळतील का, असा प्रश्न गॅरेजमध्ये अनेकदा विचारला जातो. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही रचना आपल्याकडच्या बहुसंख्य लहान गाड्यांत आढळते. महागड्या गाड्यांना मात्र चारही चाकांना डिस्क असतात. त्यामुळे उत्पादकाने सुरक्षिततेत काटकसर केली, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो पूर्णपणे खरा नाही. बदल करण्यापूर्वी त्यामागील यंत्रशास्त्र समजून घेणे हिताचे ठरेल.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आत अर्धगोलाकार दोन शू असतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने ते बाहेरच्या बाजूस ढकलले जातात आणि ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर घासतात. त्यांपैकी एक शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट रुततो. म्हणून कमी दाबातही ड्रम चांगली पकड देतो. डिस्क ब्रेकमध्ये उघड्या तबकडीला कॅलिपरमधील दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तेथे ही आपोआप रुतण्याची सोय नसल्याने अधिक दाब लागतो. मात्र डिस्कला मोकळी हवा मिळते, ती लवकर थंड होते आणि तिच्यावरचे पाणी झटकले जाते.

ड्रमचे वैगुण्य उष्णतेत आहे. चोर्ला किंवा अनमोडचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर आत कोंडलेल्या उष्णतेने ड्रम प्रसरण पावतो, लायनरची पकड सैल होते आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागते. डिस्कचा खरा फायदा अशा वारंवार किंवा दीर्घकाळ लागणाऱ्या ब्रेकच्या वेळी दिसतो.

असे असताना उत्पादक मागे ड्रम का ठेवतात? ब्रेक लागताच गाडीचे नाक खाली झुकते, म्हणजेच भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. पुढे इंजिन असलेल्या लहान गाडीत थांबवण्याचे बहुतांश काम पुढचेच ब्रेक करतात. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना गरजेपेक्षा जोरदार ब्रेक लागला, तर ती पुढच्या चाकांआधी जाम होतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. पुढची चाके जाम झाली तर स्टिअरिंग निकामी होते, तरी गाडी बहुधा सरळ घसरते. मागची जाम झाली तर ती गरकन फिरू शकते. ओल्या रस्त्यावरील वळणावर हा फरक जीवनमरणाचा ठरतो. म्हणून मागचा ब्रेक हेतुपुरस्सर सौम्य ठेवलेला असतो. दाबाचे हे प्रमाण जुन्या गाड्यांत एक झडप सांभाळते, तर नव्या गाड्यांत एबीएसला जोडलेली ईबीडी ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली.

आणखी एक गोष्ट. करकचून ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, याची अंतिम मर्यादा टायरची रस्त्यावरील पकड ठरवते. ज्या गाडीचे ब्रेक चाके जाम करण्याइतके किंवा एबीएस जागे करण्याइतके समर्थ आहेत, तिला केवळ मागे डिस्क बसवल्याने थांबण्याचे अंतर फारसे घटत नाही.

प्रत्यक्ष बदलही केवळ डिस्क बसवण्यापुरता नसतो. ड्रमची मागची प्लेट काढून कॅलिपरसाठी भक्कम ब्रॅकेट लागते; हब, ब्रेकचे होज आणि हँडब्रेकची केबल बदलावी लागते. कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने अधिक ऑइल लागते. मूळ मास्टर सिलिंडर अपुरा पडला तर पेडल खोल जाते. हँडब्रेकची व्यवस्था असलेले कॅलिपर न निवडल्यास उतारावर गाडी उभी करणेच अवघड होते. एबीएसचे चाकाजवळचे सेन्सर नीट बसले नाहीत, तर ती यंत्रणा बंद पडू शकते. शिवाय मूळ ड्रम गृहीत धरून जुळवलेले दाबाचे गणित नव्या डिस्कला लागू पडेलच असे नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकास ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यावर वाद उभा राहण्याची शक्यताही लक्षात घ्यावी.

ड्रम कालबाह्य झाले आहेत, असेही नाही. फोक्सवॅगनने आपल्या आयडी ४ या विजेवरील गाडीस मागे ड्रमच दिले. अशा गाडीचा वेग बव्हंशी मोटरच कमी करते, ब्रेक क्वचित वापरले जातात आणि कमी वापरातल्या उघड्या डिस्कवर गंज चढतो. किनाऱ्यावरील खारट, दमट हवेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मुद्दा सहज पटेल.

मग काय करावे? मागे डिस्क हवेतच असतील, तर नवी गाडी घेताना कारखान्यातूनच ते बसवलेले मॉडेल निवडावे. आहे त्या गाडीत बदलाचा खर्च करण्याऐवजी पावसाळ्यापूर्वी ड्रम उघडून लायनरची जाडी, व्हील सिलिंडरची गळती आणि शूचे ॲडजस्टर तपासून घ्यावे. हँडब्रेक पूर्वीपेक्षा जास्त वर ओढावा लागत असेल, तर ती दुरुस्तीची पहिली सूचना समजावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलचा १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ते उकळून नळ्यांत वाफ झाली की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून साधारण दर २ वर्षांनी ते बदलावे. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा आणि वेग इंजिनच्या बळावर आवरावा. ही काळजी घेतली, तर मागचे ड्रमही आपले काम चोख बजावतात.